नागपुरात घराला बाहेरून प्लास्टर: कधी करायचं, कसं करून घ्यायचं, पुढे कसं जपायचं

आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दोनदा प्लास्टर झालं. पहिल्यांदा एप्रिलात, दुसऱ्यांदा चार वर्षांनी नोव्हेंबरात. दोन्ही वेळचे मिस्त्री हाताचे चांगले होते, सिमेंट ताजं होतं, रेतीही दोन्ही वेळा कन्हान नदीचीच. फरक होता तो महिन्याचा.

एप्रिलात सकाळी अकराला मारलेलं प्लास्टर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पांढरं पडलं होतं. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "वाळून राहिलं ना भाऊ लवकर, चांगलंच आहे." मलाही ते पटलं. तिसऱ्या दिवशी भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीत कपाटामागे ओल आली.

सिमेंट पाण्यामुळे घट्ट होतं, आणि त्याला ते पाणी कित्येक दिवस लागतं. ऊन आणि वाऱ्याने पाणी उडवलं की घट्ट होण्याचं काम जिथल्या तिथे थांबतं. वरून कडक दिसणारं प्लास्टर आतून भुसभुशीत राहतं. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांनी आधी एवढं लक्षात घ्यावं. खाली लिहिलेलं बाकी सगळं त्यातूनच निघतं.

१. आधी महिना ठरवा, मग मिस्त्री

नागपूरचं हवामान सौम्य आहे असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण सौम्य महिने आपल्याकडेही आहेत: कोजागिरीपासून होळीपर्यंत. त्यातलेही नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने खरे कामाचे.

ऑक्टोबरात घाई करू नका. भिंतींनी चार महिने पाणी प्यालेलं असतं, दुपारचं ऊन चटके देतं, आणि मजूर सोयाबीनच्या कापणीत नाहीतर दिवाळीसाठी गावी. हा महिना तयारीचा: सांधे कोरणं, पाइप बसवणं, रेती आणून ठेवणं. दिवाळीनंतरही छठपूजा होईपर्यंत बिहारकडचे कारागीर परतत नाहीत, तेव्हा "लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांत सुरू करतो" या शब्दावर पुढची तारीख बांधू नका.

डिसेंबर-जानेवारीत दिवस छान असतात, पण रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. थंडीत सिमेंट हळू पकडतं. संध्याकाळी पाचला मारलेला हात (प्लास्टरचा थर) रात्री उशिरापर्यंत ओलाच राहतो आणि लटकतो. या दिवसांत चारनंतर नवीन मसाला (सिमेंट-रेती-पाण्याचं मिश्रण) कालवू देऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा अधूनमधून येतातच, म्हणून एक मोठी ताडपत्री साइटवर पडलेली असू द्या. आमच्याकडे ती एकदाच लागली, पण लागली तेव्हा अख्खी भिंत वाचली.

एप्रिल-मे नकोच. पारा ४५ च्या आसपास, हवेत ओलावा नाही, वर गरम वारा. अगदीच अडलं असेल तर पहाटे सहाला सुरू करून दहाला थांबा, आणि भिंतीपुढे हिरवी नेट बांधा. पावसाळ्यात बाहेरचं काम होत नाही हे सांगायला नको. शिवाय तेव्हा घाटांवरचा रेतीचा उपसा बंद असतो, म्हणजे भावही चढे.

हिशेब उलटा मांडा. उन्हाळ्याआधी बाहेरचा रंग हवा असेल तर प्लास्टर जानेवारीअखेर संपायला हवं. विटांचं काम त्याच्याही निदान महिनाभर आधी संपलेलं हवं, कारण नव्या भिंती थोड्या आकसतात, बसतात. ते होण्याआधी प्लास्टर केलं की भेगा पडतात.

२. कागदावर काय घ्यायचं, साइटवर काय हवं

ठेकेदाराशी बोलणं चौरस फुटाच्या दराने होतं. भांडणं मात्र दरावरून कमी आणि "त्यात काय काय धरलं" यावरून जास्त होतात. साध्या कागदावर का होईना, हे लिहून घ्या:

- दार-खिडक्यांचं माप वजा होणार की नाही
- परांची कुणाची, आणि ती भिंतीत भोकं पाडून बांधणार की स्वतःच्या पायावर उभी राहणारी
- जाळी, खिळे, वॉटरप्रूफिंगचं द्रावण कुणाच्या खर्चात
- छज्जे, कठड्याचा माथा, खिडकीच्या बाजू (यांचा दर बहुतेक वेळा रनिंग फुटाने वेगळा मागतात)
- पाणी कोण मारणार आणि किती दिवस
- एकूण रकमेचा निदान दहावा हिस्सा पहिल्या पावसानंतर द्यायचा

शेवटचा मुद्दा ऐकून ठेकेदार नाक मुरडतात. दहा टक्क्यांवर अडला तर पाचवर या, पण सोडू नका.

कागदपत्रांत रेतीच्या गाडीची रॉयल्टीची पावती मागून ठेवा, आणि सिमेंटच्या पोत्यावरचा आठवडा व वर्ष यांचा फोटो काढा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट परत पाठवा. सोसायटीत किंवा ले-आऊटमध्ये राहत असाल तर सामान ठेवायची परवानगी आधी लेखी घ्या.

अंदाज हवा असेल तर: १,००० चौरस फूट बाहेरची भिंत, दोन हात मिळून २० मिलिमीटर जाडी, सिमेंट-रेतीचं एकास पाच असं प्रमाण धरलं, तर साधारण १५ पोती सिमेंट आणि ब्रासभरापेक्षा (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी कमी रेती लागते. भिंत वाकडी असेल तर हा आकडा सहज वाढतो. विटांच्या मिस्त्रीने ओळंबा नीट धरला की नाही ते इथे कळतं.

हत्यारं मिस्त्रीचीच असतात: थापी, रंधा (प्लास्टर सारखं करायची फळी), ओळंबा, गुण्या, ॲल्युमिनियमची पट्टी, स्पंज. तुम्ही तीन गोष्टी घ्या: बारीक चाळणी, ३५ × २५ × ४० सेंटिमीटरची मोजायची पेटी, आणि लांब होज पाइप. त्या मापाच्या पेटीत बरोबर एका पोत्याएवढा, म्हणजे ३५ लिटर माल मावतो. घमेल्याने मोजलं की सकाळचं घमेलं गच्च आणि दुपारचं अर्धं, हे मी स्वतः मोजून पाहिलं आहे.

३. रेती हातात घेऊन पाहा

प्लास्टर बिघडवण्यात उन्हाखालोखाल नंबर रेतीचा. कन्हानची रेती नागपुरात नावाजलेली, म्हणून प्रत्येक गाडी "कन्हानचीच" असते. नावावर जाऊ नका. काचेची पारदर्शक बाटली घ्या, निम्मी रेती भरा, चमचाभर मीठ घाला, वर पाणी घालून खळखळून हलवा आणि तीन तास हलवू नका. खाली रेती बसते, वर गाळाचा तपकिरी थर दिसतो. पट्टीने दोन्ही मोजा. रेतीचा थर १० सेंटिमीटर असेल तर गाळ अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास चालतो. एक सेंटिमीटर दिसला तर धुवा किंवा परत करा. आमच्या पहिल्या कामाच्या उरलेल्या रेतीची ही परीक्षा मी चार वर्षांनी, उशिरा आलेल्या शहाणपणाने घेतली. गाळ सव्वा सेंटिमीटर भरला. म्हणजे सगळा दोष उन्हाचा नव्हता.

दोन उलटसुलट सापळे आहेत. फार बारीक, पिठासारखी रेती हाताला मऊ लागते, मिस्त्रीला आवडते कारण ती थापीवरून सरसर पसरते. पण तिला पाणी जास्त लागतं आणि वाळताना ती जास्त आकसते. फार जाड रेती रंध्याखाली ओरखडे पाडते. मध्यम, टोकदार दाण्याची, चाळून घेतलेली रेती हवी. क्रशरची धुतलेली प्लास्टर रेतीही चालते, पण तिच्यात दगडाची भुकटी किती आहे ते त्याच बाटलीत पाहा.

आणि ओली रेती फुगते. दमट रेतीची पेटी भरली की आत पाचवा भाग तरी हवा असते. मिस्त्री पाच पेट्या मोजतो आणि खरी रेती चारच पडते. मसाला सिमेंटने जड होतो, आणि जड मसाला तडकतो. "सिमेंट जास्त म्हणजे मजबूत" हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. बाहेरच्या भिंतीवर तो खोटा पडतो.

४. भिंत तयार करा

हे काम दिसत नाही, म्हणून ठेकेदार इथेच वेळ वाचवतो.

विटांमधले सांधे १०-१२ मिलिमीटर खोल कोरलेले हवेत. कॉलम-बीमच्या गुळगुळीत काँक्रीटवर छिन्नीने जवळजवळ टाचे मारून घ्या. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे दोन्हीकडे १५-१५ सेंटिमीटर जाईल अशी गॅल्वनाइज्ड जाळी खिळ्यांनी ताणून बसवा. दोन्ही वस्तू उन्हाने वेगवेगळ्या फुगतात, आणि त्या सांध्यावर बीमच्या रेषेत सरळ भेग पडते. कोणत्याही ले-आऊटमध्ये फेरी मारा, दर चार घरांमागे एकावर ती दिसेल. इलेक्ट्रिकचे पाइप पुरलेल्या पन्हळींवरही जाळी हवी.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा खूप वापरतात. त्या चेहऱ्याने गुळगुळीत असतात. त्यांच्यावर आधी सिमेंट आणि जाड रेतीचा पातळ शिंतोडा मारून एक दिवस ओला ठेवा, म्हणजे पकड येते.

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा हलकं पाणी मारा. हाताचा पंजा टेकवला तर गार लागावी, पण ओघळ नसावा. लाल वीट कोरडी राहिली तर मसाल्यातलं पाणी डोळ्यांदेखत शोषून घेते. निथळती राहिली तर मसाला घसरतो.

५. पहिला हात आणि दुसरा हात

बाहेरच्या भिंतीला दोन हात लागतात. पहिला १२ ते १५ मिलिमीटर, दुसरा ६ ते ८. एकाच हातात २०-२५ चढवून मोकळं व्हायची सवय काहींना असते. जाड थर स्वतःच्या वजनाने भिंतीपासून सुटतो आणि आत पोकळी राहते. भिंत कुठे फारच खोल असेल तर तिथे आधी एक वेगळा थर भरून घ्या.

काम वरून खाली, आणि सावलीच्या मागे. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. दक्षिणेच्या भिंतीवर हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं, तिला नेट बांधा. उत्तरेची कधीही.

मसाला अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवायचा. जेवणाआधीचा घट्ट झालेला ढीग जेवणानंतर पाणी घालून पुन्हा मऊ करतात, त्यावर डोळा ठेवा. तो लावायला मऊ होतो, पण त्याची ताकद गेलेली असते. मी असा ढीग फेकायला लावला तेव्हा रेजाने (मसाला वाहणाऱ्या बाईने) घमेलं खाली ठेवून मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने माझ्याकडे. त्या दिवशी मी दोघांचाही नावडता झालो. दुसऱ्या दिवसापासून मसाला थोडा थोडा कालवला जाऊ लागला.

पहिल्या हातावर आडव्या नागमोडी रेघा ओढून घ्या आणि त्यालाही पाणी द्या. मी आठवडाभर दिलं, मगच दुसरा हात लावू दिला. त्या आठवड्यात ज्या भेगा पडायच्या त्या पडून जातात आणि दुसऱ्या हाताखाली झाकल्या जातात. दुसरा हात सँडफेस करा. रंध्याने सारखा करून स्पंजने हलका खडबडीत ठेवलेला पृष्ठभाग बारीक रेघा लपवतो. चकचकीत घोटलेली भिंत पहिल्या दिवशी सुंदर दिसते आणि सहाव्या महिन्यात प्रत्येक रेघ दाखवते. आणि ओल्या प्लास्टरवर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटू देऊ नका. बहुतेक जाळीदार रेघांचं मूळ त्यातच असतं.

पाणी भिंतीपासून दूर फेकणाऱ्या चार जागा स्वतः तपासा: छज्ज्याच्या खालच्या कडेला आत एक सलग खाच, खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार, गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूने उतार, आणि गच्ची व कठडा यांच्या कोपऱ्यात गोलाईचा वाटा. बोट फिरवलं तरी समजतं. परांची काढल्यावर सुधारता येत नाही.

परांचीची भोकं बुजवताना आत विटेचा तुकडा आणि मसाला ठासून भरलेला पाहा. नुसता वरून हात फिरवला की पुढच्या जुलैत त्या जागी गोल डाग उमटतात.

६. पाणी, पाणी आणि पुन्हा पाणी

आपल्याकडे याला तराई म्हणतात. दुसऱ्या हातानंतर चोवीस तासांनी सुरू करायची आणि निदान सात दिवस. आजकालचं बहुतेक सिमेंट राख मिसळलेलं म्हणजे पीपीसी असतं, त्याला दहा ते चौदा दिवस द्या. दिवसातून किती वेळा, हा प्रश्नच चुकीचा. भिंत पांढरी पडायच्या आत पुढचं पाणी. डिसेंबरात तीनदा पुरतं, फेब्रुवारीच्या शेवटी पाचदाही कमी पडतं. पहिले दोन दिवस जोरात धार नको, फवारा हवा.

हे काम वॉचमनवर किंवा ठेकेदाराच्या पोऱ्यावर सोडू नका. तो हाताला येईल तेवढी भिंत भिजवतो. वरचे चार फूट, कठड्याची बाहेरची बाजू आणि छज्ज्यामागचा भाग कोरडाच राहतो, आणि नंतर गळतं तेही तिथेच. मी दोन आठवडे ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर स्वतः पाइप धरला. दुपारची पाळी आईने घेतली. गच्चीवरून कठड्यावर ओलं गोणपाट सोडलं की दुपारचा भार कमी होतो.

बोअरचं पाणी खारट असेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर प्लास्टरसाठी नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी पाहा. खारं पाणी भिंतीत गेलं की लोणा, म्हणजे क्षाराची पांढरी पूड, फुटतो.

तराई संपल्यावर दोन परीक्षा. खिळ्याने ओरखडा ओढा: बारीक पांढरी रेघ उमटली तर ठीक, रेती गळाली तर प्लास्टर उपाशी राहिलं. मग थापीच्या लाकडी मुठीने भिंतभर हलकं ठोका. टणक आवाज चांगला. कुठे मडक्यासारखा पोकळ आला तर खडूने गोल करा आणि परांची उतरायच्या आत तेवढा भाग चौकोनी कापून पुन्हा भरून घ्या.

७. रंग

प्लास्टर झाल्यापासून महिनाभर थांबा. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो आणि आतली ओल त्याला फुगे आणते. पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतली की ती पुन्हा आत जाते. मग बाहेरचा प्रायमर आणि दोन हात. बाहेरून पुट्टीचा आग्रह रंगारी करतील. सँडफेसवर तिची गरज नाही.

८. दरवर्षीच्या दोन फेऱ्या

पहिली मेच्या मध्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी, सकाळच्या गारव्यात. गच्चीवरून सुरू करा. पावसाच्या पाइपांच्या तोंडची पानं काढा. कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलं असेल तर मुळासकट उपटा. नुसतं मोडलं तर पुढच्या वर्षी जाड होऊन परत येतं. मग खिडक्यांच्या चौकटीभोवतीचे सांधे. नैऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो, तिकडे जास्त वेळ द्या.

केसासारख्या रेघा रंगाने झाकल्या जातात. रुपयाच्या नाण्याची कड शिरेल एवढी भेग असेल तर छिन्नीने व्हीच्या आकारात थोडी रुंद करा, ब्रशने धूळ काढा, मग ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. वरून सिमेंटचं पाणी फासणं म्हणजे एका पावसाची मलमपट्टी.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मात्र प्लास्टरची नसते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्याबरोबर पाया हलतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पावसाळ्यानंतर भेग खुणेपुढे गेली असेल तर मिस्त्रीला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. घराभोवती अडीच-तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी असेल तर हा त्रास बराच कमी होतो. भिंतीला लागून मातीचे वाफे करू नका, मोगरा कितीही आवडत असला तरी.

दुसरी फेरी दिवाळीच्या साफसफाईबरोबर. उत्तरेच्या भिंतीवरचं शेवाळ मऊ ब्रश आणि पातळ ब्लीचने काढा, ओल कुठे आली ते आतून पाहा, आणि लगेच काही फासू नका. डिसेंबरपर्यंत भिंत वाळू द्या, दुरुस्ती तेव्हा.

आणि कूलर. मार्चमध्ये खिडकीत चढतो, जूनमध्ये उतरतो, मधले तीन महिने त्याचं पाणी एकाच जागी भिंतीवर ठिबकतं. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर सगळ्यात वाईट लोणा कूलरखालीच आहे, पावसाचा तिथे काही संबंध नाही. स्टँड भिंतीत ठोकण्यापेक्षा जमिनीवर उभा करा, टाकीच्या जादा पाण्याला नळी लावून ती भिंतीपासून हातभर लांब सोडा. स्टँड भिंतीतच असेल तर कूलर उतरवताना त्या बोल्टांची भोकं त्याच दिवशी बुजवा. यंदा मी पंधरा जूनला कूलर उतरवला आणि भोकं "उद्या" म्हणून ठेवली. पाऊस सतराला आला.